आकडी मेंदूत नेमकी कुठे उठते?

वस्तीत कुणाला आकडी आली की आजही नाकाशी कांदा किंवा चप्पल धरली जाते. मग कुणीतरी देवऋषीचं नाव सुचवतं. बाबासाहेबांच्या वाटेने चालणाऱ्या घरांतही हे घडतं, म्हणून या वेळी आम्ही आकडीचं मूळ कसं शोधतात ते सांगतो.

मेंदूतल्या पेशी विजेच्या अगदी बारीक प्रवाहाने काम करतात. आकडीत एखाद्या भागातल्या असंख्य पेशी एकदम उसळतात. वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र असतंच. पण मेंदूचं हे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण. बाहेरून गेलेली मोटारसुद्धा ते झाकून टाकते.

१९६८ साली अमेरिकेत डेव्हिड कोहेन यांनी तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याने ते प्रथम टिपलं, पण अंधुक. १९७२ मध्ये त्यांनी ‘स्क्विड’ वापरलं आणि नोंद स्पष्ट आली. स्क्विड म्हणजे अतिवाहक धातूचं चिमुकलं कडं. अतिवाहक धातू खूप थंड केला की विजेला मुळीच अडवत नाही. अशा कड्यापाशी चुंबकीय क्षेत्र कणभर बदललं तरी कळतं. त्यासाठी ते उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये ठेवतात. आजच्या ‘मेग’ यंत्राच्या टोपात असे सुमारे ३०० संवेदक असतात. डोक्याला गारवा लागत नाही.

बाहेरचं चुंबकत्व अडवणाऱ्या खास धातूच्या खोलीत रुग्णाला बसवतात. मंगळसूत्र, कानातले, केसांच्या पिना काढाव्या लागतात. सुई नाही, शॉक नाही, क्ष-किरणही नाहीत. यंत्र फक्त ऐकतं. तेव्हाच आकडी यायला हवी असंही नाही, दोन आकड्यांमधल्या ठिणग्याही सापडतात. कोणत्या संवेदकाने किती टिपलं यावरून जागेचं गणित मांडतात आणि ती जागा एमआरआयच्या चित्रावर दाखवतात. ईईजीत कवटीमुळे विजेची खूण पसरते. चुंबकीय खूण मात्र जवळजवळ तशीच बाहेर येते.

बंगळुरूच्या निमहान्समध्ये मेग आहे. पण लगेच तिकडे धावू नका. योग्य औषध नियमित घेतलं तर १०० पैकी ७० जणांपर्यंत आकडी थांबू शकते. औषधांना दाद न देणाऱ्या, शस्त्रक्रियेचा विचार चाललेल्या रुग्णांसाठी हा तपास आहे. गोळ्या मनाने बंद करू नका.

आणि आकडी आली तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा.