खाडीकाठचे अरण्य: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अरण्य म्हटले की आपल्या मनात सह्याद्रीच्या उतारावरचा साग, ऐन आणि किंजळ उभा राहतो. भाईंदरहून उत्तनकडे जाताना वसईच्या खाडीच्या बाजूस भरतीच्या पाण्यात गुडघाभर बुडालेले तिवर हेही तितकेच अस्सल अरण्य आहे, आणि वाऱ्याच्या, पावसाच्या व समुद्राच्या बदलत्या वर्तनाची पहिली झळ त्यालाच लागते, हे सहसा ध्यानात येत नाही. महसुली दप्तरात ज्या जमिनीची नोंद पिढ्यान्‌पिढ्या खाजण किंवा पोटखराब म्हणून होत आली, तिच्यावरील झाडे राखण्याजोगी आहेत हे सर्वमान्य होण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचा हुकूम लागला. 2005 साली न्यायालयाने कांदळवनांची तोड आणि त्यांच्यापासून 50 मीटरांच्या आतील भराव व बांधकाम यांना मनाई केली, आणि 2018 च्या निकालाने ती कायम झाली. दरम्यान 2012 मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. कायदा आला, समजुती मात्र जुन्याच राहिल्या.

त्यांतली सर्वांत दृढ समजूत अशी की, वादळ हाच अरण्याचा काळ. वादळे वाढत आहेत, हे खरेच आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी 1982 ते 2000 या काळाशी तुलना करून दाखविले की, 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि पुरते वर्षही उलटले नाही तोच, 17 मे 2021 रोजी, ‘तौक्ते’ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातेकडे जात असता कुलाब्यास ताशी 114 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली. परंतु वादळाने फांद्या मोडल्या म्हणजे अरण्य संपले, असे होत नाही. तिवराच्या सालीखाली सुप्त अंकुर असतात. माथा मोडला तरी खोडावरून ते फुटतात आणि झाड पुन्हा पालवते. कांदळाच्या जून खोडात हे सामर्थ्य राहत नाही, म्हणून तो मोडला की बहुधा मरतो; पण त्याच्या पडण्याने चिखलावर ऊन पोहोचते आणि त्या उजेडात नवी रोपे उभी राहतात. एकाच वादळानंतर एका जातीचे रान मागे हटते, दुसऱ्या जातीचे पुढे सरकते, आणि भूभागाचे रूप असे हळूहळू पालटत जाते.

मग वनराई मरते ती कशाने? 2017 च्या ‘अर्मा’ वादळानंतर अमेरिकेतील फ्लोरिडात 10 हजार हेक्टरांहून अधिक कांदळवन कायमचे वाळले, आणि अभ्यासान्ती असे आढळले की, ही हानी मुख्यतः सखल व कोंडलेल्या जागी, जेथे वादळाने आत लोटलेले पाणी परत जाऊ शकले नाही तेथे, झाली होती. तिवराची श्वासमुळे चिखलातून वर येतात ती हवेसाठी. आठवड्यांमागून आठवडे ती बुडून राहिली की झाड गुदमरते. आमच्या खाडीकाठीही बांध घातले जातात, रस्त्यांखालच्या मोऱ्या बुजतात, उघाड्या गाळाने भरतात. म्हणून येथल्या मनुष्याने फ्लोरिडाची ही हकीकत विशेष लक्षपूर्वक वाचावी. घाव वादळाचा असतो, पण तो भरून येणे न येणे हे भरती-ओहोटीच्या वाटा मोकळ्या आहेत की नाहीत यावर ठरते, आणि त्या वाटा माणसाच्या हाती असतात.

पावसाळा सरता सरता कधी कधी तिवरांचे पट्टेच्या पट्टे पर्णहीन दिसतात आणि कोणीतरी विषारी द्रव्य ओतल्याचा बोभाटा होतो. पुष्कळदा हे काम सागाची पाने खाणाऱ्या पतंगाच्या अळीचे असते. तिची धाड ओसरली की नवी पालवी येते, आणि औषध फवारण्याची काहीच गरज नसते.

वनाचे क्षेत्र वाढले म्हणजे सर्व कुशल आहे, हाही एक सुखद भ्रम होय. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांप्रमाणे महाराष्ट्रातील कांदळवन 2015 मध्ये 222 चौरस किलोमीटर होते, ते 2021 मध्ये 324 झाले. ही वाढ आनंदाची आहे. तथापि ठाण्याच्या खाडीसारख्या ठिकाणी तिचा बराच भाग साचत्या गाळावर रुजलेल्या झाडांचा आहे, म्हणजेच पाणपक्ष्यांच्या चरण्याचा उघडा चिखल तितका उणा झाला. एकीकडे जुने तिवर तोडून दुसरीकडे अशाच चिखलावर रोपे लावणे ही भरपाई नव्हे.

समुद्राची पातळी चढली तर झाडे आपोआप जमिनीकडे सरकतील, असे समाधान काही जण मानतात. मुळांशी गाळ धरून कांदळवन स्वतःची भूमी उंचावते खरे. पण समुद्र वर्षाला सुमारे 6 मिलिमीटरांहून वेगाने चढू लागला की ते मागे पडते, असे भूतकालीन गाळाच्या अभ्यासावरून दिसते. 2006 ते 2018 या काळात जागतिक सरासरी 3.7 मिलिमीटर होती. पातळी उतरणेही घातकच: 2015-16 च्या एल निनोत उत्तर ऑस्ट्रेलियाच्या कार्पेंटेरिया आखातात समुद्र खाली गेला आणि सुमारे 7,400 हेक्टर कांदळवन तहानेने वाळले. येथे प्रश्न चढण्याचा आहे, आणि जमिनीकडे सरकायचे तर मागे जागा हवी. त्या जागी भराव, भिंत किंवा इमारत असेल, तर पुढे समुद्र आणि मागे भिंत अशा कोंडीत अरण्याचा अंत होईल.

म्हणून उत्तन, पाली, चौक व डोंगरी येथील ग्रामस्थांस विनंती अशी की, केवळ तोडीवर लक्ष ठेवून थांबू नये; खाजणात रात्री पडणारा भराव, बुजलेली मोरी आणि अडविलेली ओहोळाची वाट यांचीही लेखी तक्रार, छायाचित्रासह, तहसीलदार कचेरीत व कांदळवन कक्षाकडे द्यावी आणि तिची पोच अवश्य घ्यावी.