मधयंत्र भंगारात घालण्यापूर्वी

मोराव्हियातल्या ब्रनो शहरात १८६५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवरचे आपले प्रयोग वाचून दाखवले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच शहरात मधपाळांचे संमेलन भरले. तिथे फ्रान्झ फॉन ह्रुश्का या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने एक यंत्र मांडले. मेंडेल यांचे आनुवंशिकतेबद्दलचे म्हणणे जगाच्या गळी उतरायला १९०० साल उजाडले. ह्रुश्कांचे यंत्र मात्र मधपाळांना पाहताक्षणी पटले. पोळे वेगाने गोल फिरवले की मध बाहेर फेकला जातो आणि पोळे शाबूत राहते, एवढेच त्याचे तत्त्व. मुलाने पोळ्याचा तुकडा ठेवलेली टोपली दोरीने गरागरा फिरवली आणि वडिलांना कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, आजचे प्रत्येक मधयंत्र त्या टोपलीचेच वंशज आहे.

या यंत्राचे मोल कळायचे तर त्याआधीची रीत आठवावी. पोळे कापायचे आणि फडक्यात घालून पिळायचे. मधाबरोबर अळ्या, पराग, मेणाचा चुरा सगळेच भांड्यात उतरायचे आणि वसाहतीला पुन्हा शून्यातून घर बांधावे लागायचे. एक किलो मेण तयार करायला माश्यांना साधारण ६ ते ८ किलो मध खर्ची घालावा लागतो, असे मानतात. म्हणजे पोळे मोडणारा माणूस पुढच्या हंगामाचा मध आधीच खाऊन बसतो. अमेरिकेतले मधपाळ लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये माश्यांच्या ये-जा करण्याच्या फटीचे माप ओळखून सुट्या चौकटींची पेटी बसवली होती. ह्रुश्कांच्या यंत्राने त्या चौकटी रिकाम्या करून जशाच्या तशा परत ठेवायची सोय केली. पेटी आणि यंत्र मिळून आधुनिक मधमाशीपालन झाले.

आपल्याकडे हा धंदा सातेरी या देशी माशीवर उभा राहिला. महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात जांभूळ आणि हिरडा फुलला की मधकोठ्याच्या चौकटी भरतात आणि पडवीत झाकून ठेवलेले यंत्र बाहेर निघते. पुण्यात १९६२ मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली, आणि २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळच्या मांघरला 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला. माश्यांबद्दल, पेट्यांबद्दल, फुलोऱ्याबद्दल बरेच लिहिले गेले. यंत्राच्या ज्या पिंपातून मध खाली उतरतो त्या पिंपाकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. या डोंगरांतल्या माळ्यांवर जस्ताच्या पत्र्याची दोन चौकटींची, चार चौकटींची हातयंत्रे आजही पडून आहेत. त्यांतली काही वाचवण्याजोगी आहेत, काही नाहीत. फरक कसा ओळखायचा, हे सांगण्यासाठी हा लेख.

जावळीतल्या एका मधपाळाच्या घरी असे यंत्र उलगडताना मी शेजारी बसलो होतो. बाहेरून ते अगदी टाकाऊ दिसत होते. वरची आडवी पट्टी काढली, चौकटी धरणारा पिंजरा वर उचलला, तेव्हा खरी हकिगत समोर आली. पिंपाच्या तळाशी, मध साचून राहतो तेवढ्याच उंचीचा एक पट्टा होता. त्याच्या वर जस्ताची राखी चमक टिकून होती. पट्ट्यात मात्र पांढरी भुकटी धरली होती आणि सांध्याजवळ तांबूस गंज फुटला होता. पिंजऱ्याच्या जाळीत लालसर तपकिरी, बोटाला चिकटणारा राळेसारखा पदार्थ अडकलेला होता. घरधनी म्हणाले, "हे आमच्या सातेरीचं नाही." त्यांचे बरोबर होते. सातेरी माशी राळ गोळा करत नाही; हे काम मेलिफेरा या युरोपीय माशीचे. देशात मेलिफेरा रुजली ती १९६० च्या दशकात, हिमाचलातल्या नगरोटा बगवान इथून. घरधन्यांच्या हाती येण्यापूर्वी हे यंत्र कुठल्या तरी मेलिफेरा-पाळाकडे राबले होते, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

आधी त्या पांढऱ्या पट्ट्याचे बोलू. मध गोड लागतो म्हणून तो आम्ल आहे हे जिभेला कळत नाही. त्याचा पीएच सरासरी ३.९ च्या आसपास असतो. जस्त आम्लात विरघळते. मध पिंपाच्या भिंतीवरून ओघळून लगेच तोटीतून बाहेर पडला तर संपर्क थोडा. पण संध्याकाळी काढलेला मध सकाळपर्यंत पिंपातच राहिला, आणि असे सर्रास होते, तर जस्त मधात उतरते. जस्त झिजले की खालचे लोखंड उघडे पडते आणि मधाचा रंग काळवंडू लागतो. सगळ्यांत मोठा धोका सांध्यात असतो. जुन्या पिंपांना डाग देताना कथलात शिसे मिसळायची पद्धत होती. शिसे डोळ्यांना दिसत नाही आणि चवीत कळत नाही. म्हणून जुना डाग शिशाचा नाही याची खात्री नसेल, तर तो शिशाचाच आहे असे धरून चालावे. इथे काटकसरीला जागा नाही.

पुष्कळ लोक अशा पिंपाला आतून ऑइलपेंट मारतात. हा उपाय रोगापेक्षा वाईट. रंगाचे पापुद्रे मधात येतात आणि गंज आत लपून वाढत राहतो. अन्नासाठी प्रमाणित केलेले एपॉक्सी लेपन मिळते, पण त्यासाठी पत्रा पार उघडा करून घासावा लागतो. गंजाने चाळण झालेल्या पिंपावर तो खर्च वाया जातो. माझे मत सरळ आहे: असे पिंप बदलावे. ३०४ प्रतीच्या स्टीलचे नवे नळकांडे वेल्डिंगवाला एका दिवसात वळून देतो. सांधा आतून गुळगुळीत घासून घ्यावा आणि तळ तोटीकडे उतरता ठेवावा, म्हणजे मध साचून राहत नाही.

बाकीचे यंत्र मात्र जपावे. आडवी पट्टी, दांडा, हँडल आणि दातेरी चाके, हा त्या यंत्राचा कणा. बिडाची जुनी चाके अजून पुष्कळ वर्षे फिरू शकतात. दाते झिजून टोकदार झाले असतील, तर लेथवाला तेवढी जोडी नव्याने करून देतो. दांड्याचे खालचे टोक बहुधा एका वाटीत पोलादी छऱ्यावर टेकलेले असते. तिथे वर्षानुवर्षांचा मध आणि तेल मिळून काळे कीट जमते. ते खरवडून छरा बदलला की निम्मी खडखड तिथेच थांबते. वंगण मात्र अन्नयंत्रांसाठी मिळते तेच वापरावे, कारण चाके मधाच्या बरोबर वर असतात. त्यांवर झाकण नसेल तर पत्र्याचे करून घ्या. बचत गटांतल्या बायका हे यंत्र चालवतात. पदर किंवा बांगडी दात्यांत जायला क्षणही पुरतो.

साफसफाईला क्रम आहे. आधी कोमट पाणी. त्याने वाळलेला मध सुटतो. मेण थंडीत कडक असताना लाकडी पट्टीने खरवडावे. सुरुवातीलाच उकळते पाणी ओतणारे फसतात, कारण मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळते आणि मग सगळ्या जाळीवर त्याचा पातळ थर बसतो. शेवटी धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी. कॉस्टिक जस्ताच्या पत्र्यावर कधीही वापरू नये. ते जस्तच खाऊन टाकते. आणि हे सगळे पेट्यांपासून लांब, बंद जागेत करावे. मधाचा वास सुटला की शेजारच्या वसाहती लुटीला येतात आणि लुटीबरोबर रोग घरी नेतात.

रोगाचा मुद्दा मी मुद्दाम ताणतो आहे. अमेरिकन फाउलब्रूड या रोगाचे बीजाणू वाळलेल्या मधात आणि मेणात दशकानुदशके जिवंत राहतात. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या बहुसंख्य सातेरी वसाहती संपवल्या, हे विसरण्यासारखे नाही. कुणाकडून आले हे ठाऊक नसलेले यंत्र धुतल्याखेरीज आपल्या माश्यांच्या जवळ आणू नये. जावळीतल्या त्या यंत्राची राळ भरलेली जाळी म्हणूनच कापून टाकली आणि स्टीलची नवी बसवली.

जाळी बदलताना पिंजऱ्याचे मापही पाहावे. मेलिफेराच्या मोठ्या चौकटीसाठी केलेल्या पिंजऱ्यात सातेरीची आखूड चौकट सैल बसते, फिरताना कलते आणि पोळे तुटते. आतून आधारपट्ट्या लावल्या की काम होते.

मग वेग. हँडल मिनिटाला ६० फेरे आणि चाकांचे प्रमाण १ ला ३, तर पिंजरा १८० फेरे घेतो. २० सेंटिमीटर त्रिज्येवर हा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७ पट होतो, म्हणजे एक किलोचे पोळे जाळीवर सात किलोने दाबले जाते. वेग दुप्पट केला तर जोर चौपट, जवळपास २९ किलो. सातेरीचे नवे, पातळ मेणाचे पोळे हा भार सोसत नाही. म्हणून एक बाजू हळू फिरवून निम्मी रिकामी करायची, चौकटी उलटवून दुसरी बाजू पूर्ण काढायची आणि मग पहिलीवर परत यायचे. समोरासमोर सारख्या वजनाच्या चौकटी ठेवाव्यात, नाहीतर यंत्र जमिनीवर नाचू लागते आणि दोष उगीच चाकांवर येतो.

दुरुस्त यंत्राने एक मोह मात्र वाढतो. मध झटपट निघतो, म्हणून टोपण न धरलेल्या चौकटीही आत जातात. कच्च्या मधात पाणी जास्त असते आणि तो आंबतो. अन्नसुरक्षेच्या निकषानुसार मधात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही. चौकटीचा बराचसा भाग मेणाने बंद झाला असेल तरच ती काढावी.

जांभळाच्या फुलोऱ्याला काही महिने असतानाच कामाला लागावे. यंत्र लेथवर न्यायचे, पत्रा वळवून घ्यायचा, जाळी बदलायची, तर तीच वेळ. मार्चमध्ये धावपळ करून काही साधत नाही. तुमच्या माळ्यावर जुने मधयंत्र असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी ते एकदा उलगडून पाहा. कणा धड असेल तर ठेवा. आणि पिंपात पांढरा पट्टा दिसला, तर नवे पिंप बसेपर्यंत त्यात एक थेंबही मध काढू नका.