लेझरची पाळी येते मोतीबिंदूनंतर!

मुरबाडच्या बाजाराला आलेली आजी असो की आसनगावहून लोकल धरून मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात निघालेले आजोबा, मोतीबिंदू म्हटला की पहिला प्रश्न ठरलेला: "लेझरनं काढतील ना?"

तर, बहुतेक वेळा नाही! ऑपरेशनात वापरतात ते फेको यंत्र मोतीबिंदू फोडतं ते अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी. १९६७ साली ते आणणाऱ्या डॉ. चार्ल्स केलमन यांना ही युक्ती सुचली दाताच्या डॉक्टरकडे, दात साफ करणारं यंत्र पाहून. "पिकू दे, मग बघू" म्हणत वर्षं काढलेला टणक मोतीबिंदू मात्र आजही अनेकदा हातानंच निघतो, छोट्या छेदातून आणि बिनटाक्याचा. जे.जे.चे माजी अधिष्ठाता डॉ. तात्याराव लहाने यांनी असे बिनटाक्याचे मोतीबिंदू लाखावर काढले. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मोतीबिंदू काढल्यावर आत बसवायची कृत्रिम भिंगं सुचली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. विमानाच्या फुटलेल्या प्लास्टिकच्या छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहिले, तरी डोळ्यांनी फारशी तक्रार केली नाही, हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी हेरलं. १९४९ मध्ये त्यांनी तशाच प्लास्टिकचं भिंग बसवलं.

मग लेझर कुठे? ऑपरेशननंतर काही महिन्यांनी-वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं की "मोतीबिंदू परत आला" अशी बोंब होते. तो परत येत नाही. भिंगामागचा पातळ पडदा गढूळ होतो आणि त्याला याग लेझरनं भोक पाडतात. सुई नाही, भरती नाही, काही मिनिटांत काम फत्ते. काचबिंदूच्या काही प्रकारांत आणि मधुमेहानं बिघडलेल्या, डोळ्याच्या मागच्या पडद्यावरही (रेटिनावर) लेझर चालतो. पण तिथे उरलेली नजर राखायची असते, गेलेली सहसा मिळत नाही.

चष्मा घालवणाऱ्या लेझरची कथा तर चक्क जेवणातली! १९८१ साली आयबीएममध्ये मद्रासच्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर एक्सायमर लेझर मारून पाहिला. छेद सुबक, आजूबाजूचं मांस जळालेलं नाही!

उन्हात, धुळीत राबणाऱ्यांच्या बुबुळावर मांस वाढतं, ते काढायला मात्र लेझर नाही, साधी शस्त्रक्रिया लागते. रुग्णाच्याच डोळ्यातली पातळ त्वचा तिथे लावतात, आणि काही डॉक्टर ती चिकटवतात रुग्णाच्याच रक्तानं. फुकटचा डिंक!

भातझोडणीत पाती किंवा तूस डोळ्यात गेलं, तर मात्र गंमत नाही. बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते, आणि दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉइडचे थेंब ती आणखी चिघळवतात. डोळा चोळू नका, थेंब आपल्या मनानं घालू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. आणि झोडणीला साधा गॉगल लावा. गाव हसलं तर हसू दे.