विद्यापीठीय तत्त्वज्ञान आणि आचार्य धर्मकीर्तींचा एक श्लोक

विद्यापीठांत शिकविले जाणारे तत्त्वज्ञान आपल्या काय उपयोगाचे, असा प्रश्न धम्माच्या अभ्यासवर्गात पुष्कळदा निघतो. प्रश्नकर्ता बहुधा मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्ताचा दाखला देतो. विषारी बाण लागलेला मनुष्य बाण मारणाऱ्याचे कुळगोत्र विचारीत बसला, तर उत्तर मिळण्याआधीच तो मरेल. सबब तत्त्वचर्चा व्यर्थ, असे म्हणून तो मोकळा होतो.

हा निष्कर्ष घाईचा आहे. भगवान बुद्धांनी ते प्रश्न बाजूस सारले, ते विचार करणे वाईट म्हणून नव्हे, तर त्यांच्या उत्तराने दुःखनिरोध साधत नाही म्हणून. त्याच निकायातील अस्सलायन सुत्तात ते वर्णश्रेष्ठत्वाविरुद्ध एकामागून एक युक्तिवाद करतात. चंदनाच्या आणि एरंडाच्या लाकडापासून पेटविलेल्या अग्नीच्या ज्योतीत भेद असतो काय, असे विचारतात.

तर्काची ही परंपरा आचार्य दिङ्नाग व सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले आचार्य धर्मकीर्ती यांनी शास्त्रपदास नेली. पुढे भारतातून तिचे पठन लोपले. महापंडित राहुल सांकृत्यायन यांनी १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात जाऊन 'प्रमाणवार्तिका'ची संस्कृत हस्तलिखिते मिळविली नसती आणि श्चेर्बात्स्की, ग्नोली आदी पंडितांनी या ग्रंथांवर आयुष्य वेचले नसते, तर आज आपल्या हाती काय उरले असते? (राहुलजींना स्वतः विद्यापीठीय शिक्षण लाभले नव्हते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे.) हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

उणीव आहे ती शिकविण्यात. प्रस्तुत लेखकास वर्गात धर्मकीर्ती शिकविले गेले ते क्षणभंगवाद आणि अपोहवाद एवढेच. गाईंमध्ये 'गोत्व' नावाचे नित्य सामान्य नाही, हे परीक्षेपुरते पाठ झाले. अशा सामान्यास दर्शनग्रंथांत 'जाती' हाच शब्द आहे. कुमारिल भट्टांसारखे मीमांसक ब्राह्मणत्व ही प्रत्यक्ष दिसणारी खरी जाती मानीत. गोत्व नाकारले की ब्राह्मणत्वाचाही आधार सुटतो. वाद गाईपुरता नव्हताच! हे मात्र कोणी सांगितले नाही.

पुढे ग्रंथालयात 'प्रमाणवार्तिका'च्या स्ववृत्तीचा शेवटचा श्लोक वाचनात आला. बुद्धी नष्ट झाल्याची पाच लक्षणे आचार्यांनी तेथे सांगितली आहेत: वेदप्रामाण्य, जगत्कर्त्यावर विश्वास, स्नानात पुण्य मानणे, जातीचा गर्व आणि पापक्षालनासाठी देहदंड. संशोधकांना हा श्लोक चांगला ठाऊक आहे. आमच्या वर्गात तो एकदाही उच्चारला गेला नाही. युक्तिवाद शिकवावयाचा आणि तो कोणाविरुद्ध, कशासाठी केला हे गाळावयाचे, अशाने तत्त्वज्ञान निरुपद्रवी होते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके उलट केले. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकत असता ज्यांची व्याख्याने त्यांनी ऐकली, त्या प्रा. जॉन ड्युई यांचा विचार त्यांनी 'अनिहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणात थेट जातीच्या प्रश्नास लावला व ड्युई यांचा आपले गुरू म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळास ते भाषण पेलले नाही आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते १९३६ मध्ये स्वतः छापून प्रसिद्ध केले.