जपानी बाळाचें उष्टावण

जपानांत मूल जन्मून सुमारें शंभर दिवस झाले कीं घरांत एक छोटासा समारंभ करण्याची चाल आहे. रोगण दिलेल्या चिमुकल्या वाट्या मांडून बाळासाठीं स्वतंत्र पान वाढतात. त्यांत अझुकी नांवाच्या तांबड्या कडधान्याबरोबर शिजविलेला लालसर भात, अखंड भाजलेला ताई मासा, सार, शिजविलेली भाजी आणि लोणचें असे पदार्थ असतात. घरांतील एखादें वडील माणूस बाळाला मांडीवर घेतें आणि जेवणाच्या काड्यांनीं एकेक पदार्थ त्याच्या ओंठांजवळ नेतें. शेवटीं देवळाच्या आवारांतून आणलेल्या गोट्याला काड्यांचीं टोंकें लावून तीं बाळाच्या हिरड्यांना हळूच टेकवितात. दांत त्या दगडासारखे बळकट व्हावेत, असा त्यांतील भाव. या समारंभास ‘ओकुईझोमे’ म्हणतात. महाराष्ट्रांतील उष्टावणाशीं त्याचें साम्य सहज ध्यानांत येईल. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. ओकुईझोमेच्या पानांतील अन्न बाळाच्या पोटांत जात नाहीं. तें केवळ ओंठांशीं नेण्याचें असतें, आणि पान पुढें वडील माणसेंच संपवितात. आशीर्वाद शंभराव्या दिवशीं मिळतो. अन्नासाठीं मात्र आणखी दोन-तीन महिने थांबावें लागतें.

हें थांबणें पंचांगावर अवलंबून नाहीं, बाळाच्या शरीरावर आहे. बाळाच्या पहिल्या अन्नाला जपानी भाषेंत ‘रिन्यूशोकु’ असें नांव आहे. दूध सुटण्याच्या काळांतील अन्न, असा त्याचा शब्दार्थ. जपानच्या आरोग्य मंत्रालयानें २००७ सालीं या विषयावर एक मार्गदर्शिका काढिली आणि २०१९ सालीं ती सुधारली. तींत आरंभाचें वय पांच ते सहा महिने असें दिलें असलें, तरी त्याबरोबर कांहीं लक्षणेंही सांगितलीं आहेत. बाळानें मान पक्की धरली पाहिजे. त्याला कांहीं क्षण तरी बसतां आलें पाहिजे. मोठ्यांचें जेवण पाहून त्याला अन्नाची ओढ वाटूं लागली पाहिजे. आणि चमचा तोंडांत गेला असतां जिभेनें तो बाहेर ढकलणें कमी झालें पाहिजे. तान्ह्या मुलाची जीभ दूध ओढण्यासाठींच घडलेली असते. दुधावांचून दुसरें कांहीं आलें तर ती तें बाहेर लोटते, आणि हें लोटणें बाळाचें रक्षणच करीत असतें. तें आपोआप सैल पडण्यापूर्वीं अन्न देण्याची घाई करण्यांत कांहीं लाभ नाहीं.

पहिलें अन्न म्हणजे तांदळाची पेज. जपानी भाषेंत पेजेला ‘ओकायु’ म्हणतात, आणि बाळाची पेज ‘दहापट’ असते; म्हणजे एक माप तांदळाला दहा मापें पाणी. तांदूळ धुऊन, भिजवून, मंद आंचेवर शिजवितात आणि झांकण ठेवून वाफेंत मुरूं देतात. नंतर आंतून रेघा पाडलेल्या ‘सुरिबाची’ नांवाच्या मातीच्या खलांत ती घोटतात किंवा चाळणींतून गाळून घेतात. मीठ, साखर कांहींच घालीत नाहींत. कित्येक गृहिणी घरच्या भाताच्या भांड्यांतच मधोमध एक लहान पेला ठेवून त्यांत थोडे तांदूळ व पुष्कळ पाणी घालतात; मोठ्यांचा भात आणि बाळाची पेज एकाच वेळीं तयार होते.

पहिल्या दिवशीं या पेजेचा एकच लहान चमचा द्यावयाचा. चमचा खालच्या ओंठावर टेकवून थांबावयाचें आणि बाळानें आपण होऊन वरचा ओंठ मिटला म्हणजे चमचा सरळ मागें घ्यावयाचा. टाळूला अन्न पुसून चमचा रिकामा केला तर ओंठ मिटून घांस घेण्यास बाळ शिकत नाहीं. दोन-तीन दिवसांनीं दुसरा चमचा, आठवड्यानें गाजर, तांबडा भोपळा किंवा मुळा मऊ शिजवून, घोटून त्याचा एक चमचा, आणि आणखी कांहीं दिवसांनीं सोयाबीनच्या दुधापासून केलेलें पनीरासारखें मऊ ‘तोफू’ किंवा पांढऱ्या मांसाचा मासा, असा क्रम असतो. नवा पदार्थ एका दिवशीं एकच, तोही शक्यतों सकाळीं देतात. अंगावर पुरळ उठलें किंवा उलटी झाली तर कारण कोणतें तें समजतें आणि दवाखानाही उघडा असतो.

पुढील वर्षभराच्या प्रवासाला जपानी लोकांनीं चार टप्पे मानिले असून त्यांचीं नांवें ध्वनीवरून पडलीं आहेत. पहिला ‘गोक्कुन्’, म्हणजे गिळण्याचा आवाज. सात-आठ महिन्यांचा ‘मोगुमोगु’, म्हणजे तोंड मिटून चघळणें. नऊ ते अकरा महिन्यांचा ‘कामिकामि’, म्हणजे चावणें. वर्षापासून दीड वर्षापर्यंतचा ‘पाकुपाकु’, म्हणजे आवडीनें मटामटा खाणें. हीं नांवें कानाला गंमतीचीं वाटलीं, तरी त्यांच्या मुळाशीं सूक्ष्म निरीक्षण आहे. प्रथम बाळाची जीभ केवळ पुढें-मागें हलते, म्हणून अन्न दह्यासारखें एकजीव लागतें. मग ती वर-खालीं हलूं लागते, तेव्हां जीभ व टाळू यांमध्यें चिरडेल असें, तोफूइतकें मऊ अन्न देतात. त्यानंतर ती डाव्या-उजव्या बाजूंस वळते आणि घांस हिरड्यांखालीं ढकलते. तेव्हां पिकल्या केळ्याइतका कठिणपणा चालतो. शेवटीं हिरड्यांनीं चावतां येईल असा मऊ गोळा. त्याच मानानें पेजेंतील पाणीही आटत जातें: दहापट, सातपट, पांचपट, मग मऊ भात आणि शेवटीं साधा भात. जेवणाची वेळ प्रथम दिवसांतून एक, मग दोन, नवव्या महिन्यापासून तीन.

ही चढण न थांबवितां चढणें फार अगत्याचें आहे. पेज पचावयास हलकी असली तरी तींत बहुतेक पाणीच असतें. चिमुकलें पोट तिनें भरतें, परंतु वाढीला लागणारें सत्त्व त्यांतून पुरेसें मिळत नाहीं. जन्माच्या वेळीं बाळानें बरोबर आणलेला लोहाचा सांठा सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो आणि आईच्या दुधांतून तो भरून निघत नाहीं. म्हणून नऊ महिन्यांच्या सुमारास तांबड्या मांसाचे मासे, मांस व यकृत यांचा उपयोग करण्यास मार्गदर्शिका सांगते. फार लौकर आरंभ करणें ही जशी चूक, तशीच पातळ पेजेवर अडकून राहणें हीही चूकच.

जुने समज बदलण्याचा प्रसंगही या विषयांत आला आहे. अंडें उशिरां दिल्यानें त्याचें वावडें टळतें, असें पूर्वीं पुष्कळांना वाटे. टोकियोच्या राष्ट्रीय बालआरोग्य केंद्रांतील वैद्यांनीं इसब झालेल्या बाळांवर योग्य उपचार चालू ठेवून, सहाव्या महिन्यापासून कांहींना शिजविलेल्या अंड्याची अत्यल्प पूड दिली. २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें वर्षाचीं झाल्यावर अशा बाळांपैकीं शेंकडा ८ जणांना अंड्याचें वावडें आढळलें. ज्यांना पूड दिली नव्हती त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ३८ होतें. २०१९ च्या मार्गदर्शिकेंत नीट उकडलेला पिवळा बलक पांच-सहा महिन्यांच्या टप्प्यांत आला. मात्र इसब असलेल्या बाळाला वैद्याच्या सल्ल्यावांचून असा प्रयोग घरीं करूं नये.

दुसरा धडा जपानला फार जबर किंमत देऊन मिळाला. २०१७ सालीं टोकियोंत सहा महिन्यांचें एक मूल दगावलें. घरच्या माणसांनीं दूध सोडवितांना त्याला सुमारें महिनाभर फळांच्या रसांत मध घालून पाजला होता. मध नैसर्गिक, मध पौष्टिक, या समजुतीनें केलेली ती माया होती. परंतु मधांत कधींकधीं बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचीं बीजें असतात. मोठ्या माणसाच्या आंतड्यांतील इतर जंतु तीं रुजूं देत नाहींत. तान्ह्याच्या आंतड्यांत हा बंदोबस्त झालेला नसतो. तेथें तीं रुजतात, विष निर्माण करितात, आणि बाळाला प्रथम मलावरोध होतो, मग त्याचें दूध ओढणें व रडणें क्षीण होतें, मान लुळी पडते. घरगुती उकळीनें हीं बीजें मरत नाहींत. वर्षाच्या आंतील बाळाला मध देऊं नये, अशी सूचना जपान सरकारनें १९८७ सालींच काढिली होती. ती त्या एका घरापर्यंत पोंचली नव्हती.

महाराष्ट्रांतही कित्येक घरांत जन्मलेल्या बाळाच्या जिभेवर सोन्याच्या अंगठीनें किंवा बोटानें मध लावितात. क्वचित् गुटीही मधांत उगाळतात. त्यामागील मायेविषयीं शंका नाहीं. परंतु ओकुईझोमेचें उदाहरण येथें उपयोगी पडण्यासारखें आहे. जपानी घरानें जुना समारंभ सोडिला नाहीं आणि बाळाच्या पोटाला धोकाही पत्करिला नाहीं. अन्न ओंठांशीं नेलें आणि परत घेतलें. सोन्याची अंगठी मधावांचूनही बाळाच्या ओंठांना लावितां येते.

दहापट पाण्याची पेजही मराठी घराला परकी नाहीं. कोंकणांत व गोव्यांत पेज रोजच्या जेवणांतली आहे, आणि आजारी माणसाचा व लहान मुलाचा मऊ भात घरोघर ठाऊक आहे. तोफूच्या जागीं मुगाच्या डाळीचें घट्ट वरण, मुळ्याच्या जागीं दुध्या, ही अदलाबदल कोणत्याही गृहिणीला सुचेल. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचें दूध द्यावें असें सांगते. आपल्याकडे आरंभ त्यानंतरच करावा. ‘रिन्यू’ या शब्दाचा अर्थ कांहींही असला, तरी दूध या काळांत बंद करावयाचें नसतें; अन्न त्याच्या जोडीला येतें.

जपानी मार्गदर्शिकेंतील मापें व महिने हीं सर्व साधारण बाळासाठीं आहेत, आणि प्रत्येक बाळाची वाढ व भूक पाहून तीं कमीअधिक करावीं, असें तिनेंच सांगितलें आहे. शेजारच्या बाळानें अर्धी वाटी संपविली म्हणून आपल्या बाळानें ती संपविलीच पाहिजे असें नाहीं. त्यानें तोंड फिरविलें तर चमचा खालीं ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां खालच्या ओंठावर टेकवून थांबावें.