पहिलं वेल्डिंग मशीन घेताय? खोक्यावरचा आकडा नको, आपलं काम आणि आपली लाइट बघा



उन्हाळी कामं उरकत आली की अवजारं दुरुस्तीला निघतात. ट्रॉलीचा फाळका सुटलेला, पेरणी यंत्राच्या फ्रेमला चीर, रोटाव्हेटरचं कव्हर फाटलेलं. गेल्या काही दिवसांत बऱ्याच सभासदांनी एकच प्रश्न विचारला, "घरी एक छोटं वेल्डिंग मशीन घ्यावं म्हणतोय, कोणतं घेऊ?"

प्रश्न बरोबर आहे. मागच्या खरिपात आपल्या अवजार केंद्रातल्या पेरणी यंत्राची फ्रेम ऐन वाफशात तडकली. तालुक्याला वेल्डिंगच्या दुकानात रांग. काम अर्ध्या तासाचं, पण नंबर लागायला दीड दिवस गेला, आणि वाफसा कुणासाठी थांबत नाही. त्यानंतर केंद्रात मशीन घेतलं. ते घेताना झालेल्या चुका आणि मिस्त्रींकडून शिकलेल्या गोष्टी खाली देतोय. मेसेज मोठा आहे, पण पैसे देण्याआधी पूर्ण वाचा.

*१) आधी वही काढा*
मागच्या वर्षी वेल्डिंगवर किती खर्च झाला आणि किती वेळा जावं लागलं, ते लिहा. वर्षात तीन-चारच कामं असतील तर मशीन घेऊ नका. चार-पाच जणांनी मिळून एक घ्या, नाहीतर केंद्रात या. कामं जास्त असतील तर कोणत्या जाडीचं लोखंड जोडायचं ते लिहा. सगळा हिशोब तिथून सुरू होतो.

• फाळक्याचा पत्रा, कव्हर (२ ते ३ मिमी): १२ नंबर रॉड, म्हणजे २.५ मिमी. साधारण ६० ते ९० अँपिअर.
• अँगल, चॅनेल, फ्रेम (५ ते ८ मिमी): १० नंबर रॉड, म्हणजे ३.१५ मिमी. साधारण ९० ते १३० अँपिअर.
• ८ नंबर रॉड (४ मिमी) १४० च्या पुढे करंट मागतो. घरच्या कामात तो क्वचितच लागतो.

म्हणजे आपलं बहुतेक काम १३० अँपिअरच्या आत बसतं. खोक्यावर ४०० लिहिलंय म्हणून भुलू नका.

*२) प्रकार कोणता?*
जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन दणकट असतं, पण वजनाला भारी आणि लाइट जास्त ओढतं. घरची वायरिंग त्याला पुरत नाही.
मिग मशीन पातळ पत्र्याला फार छान. पण गॅसचा सिलिंडर लागतो, आणि उघड्यावर वारं सुटलं की गॅस उडून जोडाला भोकं पडतात. गाड्यांची बॉडी करणाऱ्याने ते घ्यावं.
आपल्यासाठी पहिलं मशीन म्हणजे *सिंगल फेज इन्व्हर्टर आर्क मशीन, खरंखुरं २०० अँपिअरचं*. खांद्याला अडकवून ट्रॉलीपर्यंत नेता येतं. रॉड ई ६०१३ चा घ्या, शिकणाऱ्याला तोच सोपा.

*३) "खरंखुरं" कसं ओळखायचं?*
काही मशीनवर मोठा आकडा फक्त मॉडेलच्या नावात असतो. मागची किंवा खालची प्लेट वाचा. तिथे *ड्युटी सायकल* लिहिलेली असते. २०० अँपिअरला ६० टक्के असेल तर १० मिनिटांपैकी ६ मिनिटं तेवढ्या करंटवर चालेल, ४ मिनिटं थंड व्हायला द्यायची. २०० ला २० टक्केच असेल तर २ मिनिटांत दम टाकेल. ड्युटी सायकल लिहिलेलीच नसेल तर ते मशीन दुकानातच राहू द्या.
प्लेटवर इनपुट व्होल्टेजही बघा. गावात संध्याकाळी लाइट डाऊन होते. जे मशीन कमी व्होल्टेजला चालतं असं प्लेटवर स्पष्ट लिहिलंय, ते घ्या.

*४) खरी अडचण मशीनची नसते, वायरची असते*
एका काकांनी नवीन मशीन आणलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन, "रॉड चिकटतोय, मशीन खराब दिलं." जाऊन बघितलं तर घरातून गोठ्यापर्यंत १०० फूट बारीक वायर ओढलेली. मशीन ठणठणीत होतं.

हिशोब असा. १०० अँपिअरवर वेल्डिंग करताना साधं इन्व्हर्टर मशीन लाइनमधून साधारण १७-१८ अँपिअर ओढतं. ३० मीटर लांब १ एमएमच्या तांब्याच्या वायरीत जवळपास २० व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात आणि वायर तापते. तेवढ्याच अंतराला ४ एमएमची वायर टाकली तर नुकसान ५ व्होल्टच्या आसपास येतं.

म्हणून:
• मीटरपासून स्वतंत्र ४ एमएम तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग. टीव्हीच्या बोर्डावरून अजिबात नाही.
• आधी वायरमनकडून घरचा मंजूर लोड तपासून घ्या.
• शेतीपंपाच्या कनेक्शनवर मशीन चालवू नका. कनेक्शन पंपासाठी दिलेलं असतं. दुसऱ्या कामाला वापरलं तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाचं बिल येऊ शकतं.

*५) पैसे कसे वाटायचे?*
साधारण ६ ते १० हजारांत कामचलाऊ ते चांगलं इन्व्हर्टर मशीन मिळतं. भाव दुकानाप्रमाणे बदलतात. पण सगळे पैसे मशीनवर घालू नका. १२ हजार हातात असतील तर ७-८ हजार मशीनला, बाकीचे मास्क, चामडी हातमोजे, ग्राइंडर, चिपिंग हातोडी, वायर ब्रश, रॉड आणि वायरिंगला ठेवा. गंज आणि रंग ग्राइंडरने काढल्याशिवाय कोणत्याच मशीनचा जोड धरत नाही.

*६) दुकानात जाताना*
घरचा भंगार अँगल आणि १० नंबरचे चार रॉड सोबत न्या. ११० अँपिअरवर तीन रॉड लागोपाठ जाळून दाखवायला सांगा. मग स्वतः एक जाळा. पंखा फिरतोय का, होल्डरची केबल गरम होते का, ते हाताने बघा. सर्व्हिस तालुक्यात होते का ते विचारा. पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घ्या.

*७) हे घरी जोडू नका* ⚠️
ट्रॉलीचा हूक आणि दांडा, अॅक्सल, स्टिअरिंगचे भाग, कमान पाटे, पीटीओ शाफ्ट. वरून जोड सुंदर दिसतो, पण आत लोखंड धरलेलं नसलं तर उसाने भरलेली ट्रॉली चढावर सुटते. मागे कुणाचं तरी पोर सायकलवर असतं. हे काम जाणत्या वेल्डरकडे द्या, नाहीतर भाग बदला. आपण फाळका, बिजागरी, कव्हर, स्टँड, गेट इथपर्यंत थांबायचं. हात बसला की मग फ्रेम.

*८) जिवाची काळजी*
• दोन टाके मारायचे म्हणून एकदा मास्क न घालता काम केलं. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, सकाळपर्यंत झोप नाही. एका टाक्यालाही मास्क घाला, १० किंवा ११ नंबरच्या काचेचा. बघणाऱ्या पोरांना लांब उभं करा.
• ट्रॅक्टरवर किंवा जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अर्थचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं.
• डिझेल टाकी, ऑइलचे बॅरल, औषधाचे डबे रिकामे दिसले तरी वेल्ड करू नका. आतल्या वाफेने स्फोट होतो.
• जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आणि पाइप जोडण्याआधी मुलामा घासून काढा. त्या धुराने थंडी-ताप भरतो.
• कडबा, भुसा, गंजी जवळ नको. पाण्याची बादली भरून ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास जागा सोडू नका.
• ओल्या जमिनीवर, ओल्या हाताने, चप्पल घालून काम नको. पावसाळ्यात रॉड हवाबंद डब्यात ठेवा. ओला रॉड तडतडतो आणि जोडात भोकं पडतात.

*थोडक्यात:* सिंगल फेज इन्व्हर्टर, खरं २०० अँपिअर, ६० टक्के ड्युटी सायकल, १२ आणि १० नंबरचा रॉड, ४ एमएमची वायर, आणि मास्क मशीनसोबतच.

घ्यायच्या आधी मशीनच्या प्लेटचा फोटो काढून या नंबरवर पाठवा, बघून सांगतो. ज्यांनी कधी होल्डर धरला नाही, त्यांनी आधी केंद्रात येऊन भंगारावर हात चालवून बघा. मिस्त्री दाखवतील. दहा रॉड इथे जाळलेत तर मशीन आणल्यावर ट्रॉलीचा पत्रा जळणार नाही.

पेरणीआधी अवजारं एकदा तपासून घ्या. चीर आज बारीक असते.

— तुमचा कृषी सल्लागार