जुन्या गाडीची जाहिरात आणि नामजोग व्यवहार

हुंडीचा व्यवहार ज्यांनी स्वतः केला, अशी वडीलधारी मंडळी आता आपल्या पेढ्यांवर थोडीच उरली आहेत. परंतु हुंडीच्या नावातच तिचा नियम कसा सांगितलेला असे, हे पुष्कळांनी ऐकले तरी असेल. धनीजोग हुंडीचे पैसे धन्याला द्यावयाचे, नामजोग हुंडीचे तिच्यात नाव लिहिलेल्या माणसालाच, आणि शाहजोग हुंडीचे बाजारात पत असलेल्या शाहालाच. रक्कम भलत्याच्या हाती पडली तर जोखीम देणाऱ्याची. यास्तव पैसे मोजण्यापूर्वी समोरचा मनुष्य कोण, याची खातरी करून घेणे हे पेढीचे पहिले कर्तव्य मानले जाई.

आज पैसा बोटाच्या एका स्पर्शाने जातो. २०१६ साली यू.पी.आय. पद्धत सुरू झाली, आणि पाहता पाहता बेगमबाजारातील घाऊक पेढीपासून सुलतानबाजारातील फेरीवाल्यापर्यंत ती सर्वत्र रूढ झाली. सोय मोठी आहे. तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. मात्र रक्कम कोणाच्या हाती पडते हे पाहण्याची जुनी सवय या घाईत सुटत चालली आहे, आणि तिचा फटका जुन्या वाहनांच्या खरेदी-विक्रीत विशेष बसतो. माल पोहोचविण्यास टेम्पो हवा, मुलीला कॉलेजात जाण्यास स्कूटर हवी, वडिलांना दवाखान्यात नेण्यास लहानशी मोटार हवी, म्हणजे हल्ली ओळखीच्या मिस्त्रीकडे कोणी जात नाही. ओएलएक्ससारख्या ठिकाणी किंवा फेसबुकवरील बाजारात जाहिराती चाळू लागतो. त्यांतील पुष्कळ जाहिराती सरळ गृहस्थांच्या असतात आणि दलालीही वाचते. प्रस्तुत विवेचन उरलेल्यांविषयी आहे.

आपल्या शहरात जो प्रकार फार गाजला, त्यात विकणारा स्वतःला लष्करातील जवान म्हणवितो. ही बतावणी हैदराबादेत सहज खपते, याचे कारण उघड आहे. सिकंदराबादची छावणी जुनी व विस्तीर्ण. तेथील लोकांच्या बदल्या वरचेवर होतात, आणि बदली झालेला मनुष्य गाडी स्वस्तात काढून टाकतो यात नवल वाटत नाही. समजा, बाजारात ५०,००० रुपयांना जाईल अशी स्कूटर जाहिरातीत २०,००० रुपयांना दिली आहे. फोन करताच पलीकडचा गृहस्थ आदबीने बोलतो, गणवेशातील छायाचित्र, ओळखपत्र, कँटीनचे कार्ड असे सर्व काही न मागता पाठवितो. हे कागद बहुधा दुसऱ्या कोणाचे चोरलेले अथवा बनावट असतात. गाडी पाहावयास येतो म्हटले की अडचणी सुरू होतात. छावणीत बाहेरच्या माणसास प्रवेश नाही. किंवा निघण्याची घाई झाल्यामुळे गाडी शमशाबादच्या विमानतळावर उभी आहे. परंतु चिंता नको, लष्करी वाहतुकीने ती घरपोच येईल! त्यासाठी वाहतुकीचे तीन-चार हजार तेवढे आधी पाठवावेत.

ते पाठविले की शिक्का मारलेली पावती येते. मग कराची रक्कम, मग परत मिळणारी अनामत, मग गाडी वाटेत थांबल्याचा दंड. हे हप्ते लहान का असतात, हे समजून घेण्यासारखे आहे. बुडत असलेली उधारी वसूल व्हावी म्हणून त्याच गिऱ्हाइकाला आणखी माल देणारा व्यापारी आपण सर्वांनी पाहिला आहे. पहिले चार हजार वाया जाऊ नयेत म्हणून मनुष्य पुढचे सहा हजार देतो, आणि त्या दहांसाठी आणखी पंधरा. भामट्याला विकावयाची गाडी नसतेच. तो विकतो ती मागील रक्कम परत मिळण्याची आशा.

हा उद्योग एकट्यादुकट्याचा नव्हे. आपल्याकडील पोलिसांचे तपास वारंवार राजस्थानातील भरतपूर-अलवरच्या आणि हरियाणातील मेवातच्या टापूपर्यंत जाऊन पोहोचले आहेत. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी एकट्या नूह जिल्ह्यातील १४ गावांवर एकाच वेळी धाडी घातल्या, यावरून त्याचा पसारा ध्यानी यावा. खऱ्या जवानाला गाडी विकावयाची असेल, तर ती छावणीच्या फाटकाबाहेर आणून दाखविण्यास त्याला कसलीच अडचण नसते.

गाडी प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पैसा देऊ नये, एवढा नियम पुरे, असे कोणी म्हणेल. तो पुरेसा नाही, आणि व्यापारी मनुष्य अडकतो तो नेमका येथेच. समजा, मलकपेठेतील एक गृहस्थ आपली मोटार चार लाखांना विकावयास काढतात. जाहिरात खरी, गाडी खरी, कागद खरे. एक भामटा तीच छायाचित्रे उचलून तीन लाखांची दुसरी जाहिरात देतो. मग तो मालकाला सांगतो, "तुमची किंमत मला मान्य आहे. गाडी पाहावयास माझा मेहुणा येईल. त्याच्याकडून माझे येणे आहे, ते मी यात वळते करून घेणार आहे. तेव्हा त्याच्यापाशी किमतीचा विषय काढू नका." आणि खऱ्या गिऱ्हाइकाला सांगतो, "गाडी माझ्या भावाकडे आहे, ती तो दाखवील. किंमत मात्र माझ्याशीच बोला." दोघे भले लोक समोरासमोर भेटतात, चहा घेतात, गाडी फिरवून पाहतात आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे पैशाविषयी चकार शब्द काढीत नाहीत. गिऱ्हाईक फोनवर आलेल्या खात्यात तीन लाख भरतो आणि किल्ली मागतो. मालक म्हणतो, मला तर रुपयाही मिळालेला नाही. भामट्याचा फोन तोवर बंद झालेला असतो, आणि पोलीस ठाण्यात ते दोघे एकमेकांनाच चोर ठरवीत असतात.

या डावात सर्व काही खरे असते. एक नाव तेवढे खोटे असते. म्हणून आमचे सांगणे असे की जुन्या गाडीचा व्यवहार नामजोग हुंडीप्रमाणे करावा. आर.सी.वर ज्याचे नाव, समोर ओळखपत्र घेऊन उभा आहे तो, आणि ज्याच्या खात्यात रक्कम जाणार तो, हे तिघे एकच असले पाहिजेत. पैसे पाठविण्यापूर्वी फोनच्या पडद्यावर खातेदाराचे नाव उमटते. ते वाचण्यास क्षणभरही लागत नाही. वडिलांची गाडी मुलगा विकत असेल तर रक्कम वडिलांच्याच खात्यात जावी, आणि त्यांच्याशी स्वतः बोलावे. मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावे नोंद होऊ द्यावी. किंमत तर दोघांच्या समक्ष, मोठ्याने, बोलून घ्यावी. किमतीविषयी गप्प राहा असे सांगणारा तिसरा माणूस कोण, हा प्रश्न त्याच क्षणी विचारला म्हणजे डाव तेथेच मोडतो.

विकणाराही सुरक्षित नसतो. आपण जाहिरात देताच घासाघीस न करता कोणी सौदा पक्का करतो आणि इसाराची रक्कम पाठविण्यासाठी म्हणून एक क्यूआर कोड धाडतो. तो स्कॅन करून पिन घातला की पैसे येण्याऐवजी जातात. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन म्हणजे आपली सही, आणि सही देणाऱ्याची असते. दुकानात दिवसभर कोड दाखवून पैसे घेणारी मंडळीही घाईत हे विसरतात, हे आश्चर्य. तसेच रक्कम जमा झाल्याचा संदेश किंवा पावतीचे छायाचित्र दाखविले तरी त्यावर विसंबू नये. आपल्या खात्यातील शिल्लक स्वतः पाहावी. गाडी चालवून पाहतो म्हणून किल्ली मागणाऱ्याच्या शेजारी आपण बसावे. सोडून गेलेली चप्पल किंवा जुना फोन हे काही तारण नव्हे.

पैसा गेलाच तर शरमेने घरात लपवून ठेवण्याची चूक अनेक जण करतात. प्रतिष्ठेचा विचार आम्ही समजू शकतो. परंतु येथे तासांचाही नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो. १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा अथवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. तक्रार पोहोचताच रक्कम ज्या बँकेच्या खात्यात गेली तेथे ती गोठविण्याची सूचना जाते. ती पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडली तरच परत मिळण्याचा संभव राहतो. व्यवहाराचा क्रमांक, वेळ व रक्कम हाताशी ठेवावी, आणि भामट्याशी झालेले संदेश रागाच्या भरात पुसून टाकू नयेत.

आता गाडी खरी, माणूस खरा, परंतु माल सदोष, असाही प्रकार असतो. येथे प्रथम नंबरपट्टीच वाचावी. आपल्या शहरात ती पुष्कळ काही सांगते. जून २०१४ मध्ये तेलंगण राज्य होईपर्यंत हैदराबादच्या गाड्यांना ए.पी. ०९ सारखे क्रमांक मिळत, त्यानंतर टी.एस. आले, आणि मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांना टी.जी. मिळते. तेव्हा "२०१८ चे मॉडेल, हैदराबादचीच गाडी" असे म्हणून ए.पी. ०९ ची पट्टी कोणी दाखविली, तर वर्ष तरी खोटे किंवा पट्टी तरी. पट्टी झाकून काढलेले छायाचित्र असेल तर नंबर मागावा, आणि तो देण्यास विकणारा कुरकुरला तर पुढची जाहिरात पाहावी. नंबर मिळाला की परिवहन खात्याच्या नोंदीशी ताडून घ्यावा. तेलंगणाने अनेक वर्षे आपली नोंद केंद्राच्या 'वाहन' नोंदीपासून वेगळी ठेवली होती. सबब येथील गाडी केंद्राच्या 'एम-परिवहन' ॲपवर न सापडल्यास लगेच संशय न घेता राज्याच्या खात्याच्या संकेतस्थळावर पाहावे. दंडाची थकलेली चलाने वाहतूक पोलिसांच्या ई-चलान स्थळावर दिसतात.

आर.सी.वर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर "कर्ज केव्हाच फिटले" हे तोंडी सांगणे निरर्थक होय. कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र व त्याच्या सहीचा फॉर्म ३५ हाती येईपर्यंत ती गाडी अर्धी दुसऱ्याचीच समजावी. चासी व इंजिनावर कोरलेले नंबर स्वतः वाकून वाचावेत. तेथे घासल्याची वा नव्याने ठोकल्याची खूण दिसली तर गाडी चोरीची असू शकते. चोरीस गेलेल्या वाहनांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' व्यवस्थेत पाहता येते. ऑक्टोबर २०२० च्या पुरात आपल्या शहरातील कितीतरी गाड्या बुडाल्या, हे विसरण्याजोगे नाही. अशी गाडी वरून धुऊन चकचकीत करता येते. परंतु पायाखालचा गालिचा उचलला, आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला, आसनाखालच्या पट्ट्यांवरील गंज पाहिला, की पाण्याची खूण सापडते. मीटर मागे फिरविलेला असेल तर सर्व्हिसच्या जुन्या पावत्या सांगतील. हे काम आपले नव्हे. विश्वासू मिस्त्रीला चार पैसे देऊन सोबत न्यावे.

शेवटची गोष्ट विकणाऱ्यासाठी, आणि आमच्या मते तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. पैसे मिळाले, किल्ली दिली, की आपण मोकळे झालो असे मानले जाते. कायद्याच्या दृष्टीने तसे नाही. अपघाताच्या भरपाईसंबंधी फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी कितीही हात फिरली असली, तरी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. आठ हजारांना काढून टाकलेल्या स्कूटरपायी लाखोंचा दावा दारी येऊ शकतो तो असा. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत कळविणे आवश्यक आहे. त्यासाठी फॉर्म २९ व ३० असतात. परराज्यात गाडी जात असेल तर फॉर्म २८ चे ना-हरकत पत्र लागते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ते दलालाच्या हाती देण्याची आपल्याकडील चाल तर सर्वथा टाकून द्यावी. ते फॉर्म वर्षानुवर्षे भरले न जाता हातोहात फिरत राहतात. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यास परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची रीतसर सूचना नोंदली गेली की तिची जबाबदारी त्याच्यावर येते. दलालाकडे असे पत्र आहे काय, हे विचारण्यात संकोच नसावा.

नाव बदलेपर्यंतच्या मधल्या दिवसांसाठी ताबापावती करून ठेवावी. तीत दोघांच्या सह्या, ओळखपत्रांचे क्रमांक, मीटरवरील आकडा आणि तारखेबरोबर तासमिनिटेही लिहावीत; कारण पंजागुट्ट्याच्या चौकातील कॅमेऱ्याने संध्याकाळी सहा वाजता टिपलेल्या गाडीवर कोण बसले होते, हे दुपारी चारला लिहिलेल्या त्या पावतीवरूनच दाखविता येईल.